काट्यावर 340 किलो, बिलात 560 किलो

प्रश्न : सोलापुरात आमचं टॉवेलचं छोटं युनिट आहे. ऑनलाइन विक्रीसाठी आम्ही भिवंडीच्या गोदामात पॅलेटवर माल पाठवतो. गेल्या खेपेला 40 खोक्यांचं एक पॅलेट काट्यावर 340 किलो भरलं. ट्रान्सपोर्टवाल्याने बिल मात्र 560 किलोचं लावलं आणि वर म्हणाला, "ताई, हिशेब बरोबर आहे." वजनकाटा खोटा की बिल खोटं? आणि हे भाडं कमी कसं करायचं?

उत्तर : दोन्ही खरी आहेत. कसं ते पाहू.

ट्रकमध्ये दोन गोष्टी विकायला असतात, वजन पेलण्याची ताकद आणि जागा. लोखंडी सळयांनी ट्रक अर्धा रिकामा असतानाच वजनाची मर्यादा गाठली जाते. टॉवेल, उशा, प्लास्टिकचे डबे यांनी तो छतापर्यंत भरतो, तरी ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे जेमतेम दबतात. म्हणून ट्रान्सपोर्टवाले मालाचं खरं वजन आणि त्याने अडवलेल्या जागेचं वजन, यांतलं जे जास्त असेल त्यावर भाडं घेतात. जागेचं वजन काढताना दर घनफुटाला अमुक किलो असा आकडा धरतात. कुणाचा तो 6 असतो, कुणाचा 8, कुणाचा 10. दरपत्रकात हा आकडा छापलेला असतो, पण किलोच्या दराशी घासाघीस करण्याच्या नादात तो वाचायचा राहून जातो. दोन ट्रान्सपोर्टवाल्यांची तुलना करताना दोन्ही आकडे शेजारीशेजारी मांडा. किलोला 50 पैसे कमी घेणारा 8 च्या जागी 10 धरत असेल, तर टॉवेलसारख्या मालाला तोच महाग पडू शकतो.

आता तुमचं पॅलेट घेऊ. लांबी 120 सेंटिमीटर, रुंदी 100, आणि लाकडी पाट्यासकट उंची 165. तिन्हींचा गुणाकार करून 28,317 ने भागलं की सुमारे 70 घनफूट येतात. त्याला दरपत्रकातल्या 8 ने गुणलं की 560 किलो. ट्रान्सपोर्टवाल्याने एवढंच केलं.

खरा घोळ पुढे आहे. तुम्ही खोक्याचं माप कळवलंत हे फार बरं केलंत : 42 × 32 × 30 सेंटिमीटर. 120 × 100 च्या पॅलेटवर अशी खोकी कशीही फिरवून मांडली तरी एका थरात 8 च बसतात. पाच थरांची झाली 40. आता हेच खोकं 40 × 30 चं करा. 100 सेंटिमीटर रुंदीत 30, 30 आणि 40 अशा तीन ओळी बसतात. पहिल्या दोन ओळींत खोकी आडवी लावली की प्रत्येकी 3, तिसरीत उभी लावली की 4. एका थरात 10, पाच थरांत 50! पॅलेट तेच, उंची तीच, बिलही तेच 560 किलोचं. पण आधी एका खोक्यावर 14 किलोचं भाडं पडत होतं, ते आता 11 किलोंच्या आसपास येईल. टॉवेल थोडे दाबून भरता येतात, तेव्हा तुमच्या मालाला हे नक्की जमेल. काचसामानाला जमलं नसतं.

खोकी बनवणारे बहुधा आतलं माप धरतात. पाच प्लायच्या पुठ्ठ्याची जाडी एका बाजूला साधारण 6 मिलिमीटर, म्हणजे दोन्ही बाजू मिळून सव्वा सेंटिमीटरच्या घरात. आतून 40 चं मागवलेलं खोकं बाहेरून 41 च्या पुढे जातं आणि सगळी मांडणी कोलमडते. ऑर्डरमध्ये "बाहेरचं माप 39.5 × 29.5" असं स्पष्ट लिहून द्या. ठासून भरलेल्या खोक्याचं पोट फुगतं आणि माप सर्वांत रुंद जागी घेतलं जातं, हेही ध्यानात ठेवा. पॅलेटच्या कडेबाहेर खोकी येऊ देऊ नका. पुठ्ठ्याच्या खोक्याची ताकद मुख्यतः चार कोपऱ्यांत असते. कोपरा अधांतरी राहिला की खालची खोकी चेपतात, आणि चेपलेला माल गोदामाने नाकारला तर परतीचं भाडंही अंगावर येतं.

पॅलेट म्हणजे फुकटचा खर्च, असाही समज असतो. तो अर्धा खरा आहे. 15 सेंटिमीटर उंचीचा रिकामा लाकडी पाटासुद्धा वरच्या हिशेबाने 51 किलोंचं भाडं खातो. 50 खोक्यांवर तो खोक्यामागे एक किलो पडतो, 20 खोक्यांवर अडीच किलो. म्हणून आठवड्याला अर्धं पॅलेट धाडण्यापेक्षा पंधरवड्याला एक भरलेलं धाडणं स्वस्त. उंचीची मर्यादा मात्र गोदामाकडून आधी विचारून घ्या.

पूर्ण ट्रक कधी करावा, हे साध्या भागाकाराने कळतं. समजा, ट्रकचं भाडं 12,000 रुपये आहे आणि पार्ट लोडचा दर किलोला 4 रुपये. मग 3,000 किलोंच्या बिलापर्यंत पार्ट लोडच परवडतो. तुमच्या हिशेबाने ही सव्वापाच-साडेपाच पॅलेटं झाली. सहावं भरत असेल तर ट्रकवाल्याला फोन करा.

गोदामाने दिलेली वेळ चुकवू नका. फाटकाबाहेर ताटकळलेल्या गाडीचं हॉल्टिंग एका दिवसात सगळी बचत गिळतं.

पुढची ऑर्डर देण्याआधी खोकेवाल्याकडून नव्या मापाची 10 नमुना खोकी आणा, त्यांत टॉवेल भरा आणि रिकाम्या पॅलेटवर मांडून पाहा. एका थरात दहाही बसली, तरच ऑर्डर द्या.