सही मागायला आले, मत नाही

रुग्ण कल्याण समितीत तुमचं नाव घेतलं म्हणून हुरळून जाऊ नका. नाव कशासाठी घेतलं, ते आधी विचारा. आमच्या भागात अजूनही काही जण म्हणतात, ‘त्या बाईनं दवाखान्याला त्रास दिला.’ कुणी कुणाला त्रास दिला, ते एकदा कागदावर यावं आणि दुसऱ्या कुठल्या गावात माझ्यासारखी कुणी समितीवर गेली तर तिला आधीच ठाऊक असावं, म्हणून हे लिहिते आहे.

माझी मागणी एकच होती. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या, म्हणजे पीएचसीच्या, प्रसूतिगृहात पाणी नव्हतं. गच्चीवरची टाकी तळाला फुटलेली, मोटर जळालेली. लेबर रूममध्ये पोरगी कळा देते आहे आणि तिची सासू नाहीतर आई आवारातल्या हापशावर बादल्या भरते आहे, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. बाळंतपण झाल्यावर जमीन पुसायला, चादर धुवायला, सिस्टरला हात धुवायला, सगळ्याला तेच बादलीतलं पाणी. बचत गटाची प्रतिनिधी म्हणून माझं नाव समितीत गेलं, तेव्हा पहिल्याच बैठकीत मी उठून सांगितलं, ‘टाकी बदला आणि नळ आत घ्या.’ डॉक्टरसाहेब म्हणाले, ‘नोंद घेतली.’ त्यानंतर बैठकच लागली नाही. विचारलं की ‘निधी आला की बघू.’

निधी येतो, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ मध्ये सुरू झालं, त्याच्या निकषांत प्राथमिक आरोग्य केंद्राला वर्षाला रुग्ण कल्याण समितीचे १ लाख, देखभाल-दुरुस्तीचे ५० हजार आणि अबंधित निधीचे २५ हजार धरलेले होते. हा पैसा कशाला लावायचा, हे समितीनं बसून ठरवायचं असतं. गावातल्या गरजा गावच्या माणसांना आधी दिसतात, म्हणून तर ही समिती केली. पण २०२२ मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि प्रशासक आले. आमच्या समितीचे अध्यक्ष जिल्हा परिषद सदस्य होते, तेही गेले. वरून विचारणारं कुणी उरलं नाही आणि खालून विचारणारे आम्ही तर कुणाच्या खिजगणतीत नव्हतोच.

मग एका संध्याकाळी शिपाईमामा आणि आमची आशाताई रजिस्टर घेऊन घरी आले. मी भाकरी थापत होते. मामा म्हणाले, ‘ताई, ऑडिट आलंय. इथं एवढी सही करा.’ त्यांनी पान उघडून समोर धरलं, पण वरच्या अर्ध्या भागावर पंजा ठेवलेला. मी पिठाचे हात पुसले आणि म्हटलं, ‘मामा, हात काढा. वाचू तर द्या.’

ते पान मला अजून जसंच्या तसं आठवतं. निळ्या शाईत, सुबक अक्षरात लिहिलं होतं. समितीची बैठक झाली, खालील सदस्य उपस्थित होते, सर्वानुमते पुढील खर्चास मंजुरी देण्यात आली. खर्च काय, तर वैद्यकीय अधिकारी कक्षाची रंगरंगोटी, पडदे, फिरती खुर्ची. टाकीचं नाव नाही. आणि खाली, ‘सूचक’ या शब्दापुढे माझं नाव. म्हणजे साहेबांच्या खोलीला पडदे लावा, असं मी सुचवलं होतं. पाण्यासाठी भांडणाऱ्या बाईचं नाव पडद्यांखाली घातलं होतं.

मग माझी नजर तारखेवर गेली. तारीख पोळ्याची होती. आमच्या मराठवाड्यात पोळ्याच्या दिवशी बैल धुवायचे, शिंगं रंगवायची, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवायचा. त्या दिवशी समितीचे सगळे सदस्य पीएचसीत बसून पडदे मंजूर करत होते, हे गावातल्या शाळकरी पोरालाही खरं वाटलं नसतं. ज्यानं ती तारीख टाकली, त्याला इथला सणही माहीत नव्हता आणि तो विचारून घ्यावा असंही वाटलं नव्हतं.

त्या क्षणी मला कळलं की बैठक लागत नव्हती ती कुणी विसरलं म्हणून नव्हे. बैठकीची कुणाला गरजच नव्हती. कायद्यानं गावची माणसं कागदावर दाखवावी लागतात, तेवढ्यापुरती आम्ही होतो.

मी सही केली नाही. आशाताई मान खाली घालून उभी होती. तिच्या कामाच्या मोबदल्याचे कागद त्याच दवाखान्यातून पुढे जातात. तिला मुद्दाम सोबत पाठवलं होतं, कारण तिच्या तोंडाकडे बघून मी नाही म्हणणार नाही, असा त्यांचा हिशेब. याचा राग मला रजिस्टरपेक्षाही जास्त आला. आपलं काम करवून घ्यायला गरीब बाईची अडचण पुढे करणं, याला माझ्याकडे शब्द नाही.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः दवाखान्यात गेले. ओपीडीत रांग होती. डॉक्टरसाहेबांनी सगळ्यांसमोर सुनावलं, ‘ताई, दवाखाना कसा चालतो यातलं तुम्हाला काय कळतं? हे सगळं तुमच्यासाठीच चाललंय.’ रांगेतल्या माणसांपैकी कुणीच बोललं नाही. त्यातल्या कितीतरी बायकांनी त्याच हापशावरून पाणी वाहिलं होतं. गावचे पुढारी तर त्याहून पुढचे. ‘डॉक्टर मुश्किलीनं मिळालाय, बदली मागून गेला तर दुसरा येणार नाही. तुमच्यापायी गावाचं नुकसान नको.’ हेच वाक्य मला पुन्हा पुन्हा ऐकवलं गेलं.

डॉक्टरांवर भार असतो, हे मला मान्य आहे. सपाट प्रदेशात एका पीएचसीमागे ३० हजार लोकसंख्या धरतात. रात्री-अपरात्री सर्पदंश, बाळंतपण, अपघात, सगळं त्यांच्याच दारात येतं. पण त्या भाराचा आणि पोळ्याच्या दिवशी लिहिलेल्या खोट्या बैठकीचा काय संबंध? डॉक्टर मिळाला म्हणजे त्यानं काहीही लिहावं आणि आम्ही अंगठे द्यावेत, असा सौदा कुणी केला होता?

आणि ‘यातलं काय कळतं’ याचं उत्तरही देऊन टाकते. आमच्यापासून लांब नसलेल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून खेड्यातल्या, बऱ्याचशा अक्षरओळख नसलेल्या बायकांना शिकवून आरोग्याचं काम उभं केलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेत गावातल्याच बायकांनी घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. त्यामुळे बालमृत्यू किती घटले, ते १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकात छापून आलं. आजची आशाताई बाळंतिणीच्या घरी बाळाचं वजन करायला येते, त्यामागे ते काम आहे. त्या बायकांना कळलं, तर लेबर रूममध्ये पाणी पाहिजे एवढं मला कळू नये?

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते. माहिती अधिकारात कॅशबुक, व्हाउचर आणि प्रोसिडिंगच्या प्रती मागितल्या. गटातल्या बायकांना घेऊन महिला सभेत विषय मांडला, तिथून तो ग्रामसभेत गेला. पुढारी मंडळी आधी टाळत होती. बायका बसून राहिल्या तेव्हा ठराव लिहिला गेला. त्याची प्रत जिल्हा आरोग्य अधिकारी आणि मुख्य कार्यकारी अधिकारी यांच्याकडे दिली. टाकी आली, मोटर आली, आता लेबर रूममधल्या नळाला पाणी असतं. समितीची पुनर्रचना झाली तेव्हा मात्र माझं नाव वगळलं. कारण कुणी सांगितलं नाही. चुकलं, असंही आजवर कुणी म्हणालं नाही. ते पडदे अजून तिथेच आहेत.

आता तुमच्यासाठी.

समितीवर घेतलं असं तोंडी सांगितलं तर नेमणुकीचं पत्र मागा. सदस्य कोण, अध्यक्ष कोण, सचिव कोण, बैठक किती दिवसांनी व्हायला हवी, हे ज्या शासन निर्णयात किंवा परिपत्रकात लिहिलंय त्याची झेरॉक्स पिशवीत ठेवा. तो कागद समोर ठेवला की समोरच्याचा आवाज उतरतो, हा माझा अनुभव आहे.

बैठकीची सूचना लेखी मागा, विषयपत्रिकेसह. फोनवर ‘या जरा’ म्हणाले, तर ती बैठक नव्हे.

सही करताना सहीखाली तारीख आणि वेळ स्वतःच्या हातानं घाला. इतिवृत्ताच्या शेवटच्या ओळीखाली लगेच आडवी रेघ मारा, म्हणजे मागाहून मजकूर घुसडायला जागा राहत नाही. पटलं नसेल तर सही टाळून गप्प बसू नका. ‘मला हे मान्य नाही, कारण...’ असं तिथंच लिहा. घरी आलेल्या रजिस्टरवर सही कधीच करू नका, आणणारा कितीही जवळचा असो.

दवाखान्यात जाऊन ‘सेवा चांगली नाही’ म्हणू नका. ते हसतात आणि सोडून देतात. नेमकं विचारा. आज सर्पदंशावरचं इंजेक्शन शिल्लक आहे का? कुत्रा चावल्यावरची लस? कोणती औषधं संपलीत आणि मागणी कधी केली? बाहेरच्या दुकानाची चिठ्ठी दिली तर का? जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधं, तपासण्या, जेवण आणि घरी सोडायची गाडी, यांपैकी कशालाही पैसे लागत नाहीत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचेही पैसे नाहीत. कुणी मागितले तर पावती मागा.

माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो आणि ३० दिवसांत उत्तर यायला हवं. ‘सगळी माहिती द्या’ असं लिहू नका. अमुक आर्थिक वर्षाचं कॅशबुक, अमुक समितीचं प्रोसिडिंग, असं लिहा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. शिक्का नसेल तर तुम्ही अर्ज दिलाच नव्हता, असं बिनदिक्कत सांगतात.

ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावीच लागते, तिचा उपयोग करा. आरोग्याच्या तक्रारी बायकांच्या जास्त असतात आणि पुरुषांच्या सभेत त्या निघत नाहीत. विषय आधी लेखी द्या, ठराव क्रमांकासह लिहून घ्या आणि प्रत घेऊनच घरी जा.

आशाताई, सिस्टर, शिपाई यांच्याशी भांडू नका. त्यांचंही कुणी ऐकत नाही. पाणी नसलेल्या लेबर रूममध्ये सिस्टरच रात्र काढत होती. आमच्या मागणीला मनातून तिचाच सगळ्यात जास्त पाठिंबा होता, फक्त तोंड उघडायची सोय नव्हती.

एकटीनं जाऊ नका. सोबत कुणीतरी असलंच पाहिजे. आणि धीर सोडू नका, एकी ठेवा.

हे सगळं आमच्याच डोक्यातून आलंय असं नाही. लोकाधारित देखरेख आणि नियोजन ही प्रक्रिया महाराष्ट्रात २००७ पासून पाच जिल्ह्यांत सुरू झाली: पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आत्ताचा धाराशिव. पुण्याची ‘साथी’ संस्था आणि ठिकठिकाणच्या संघटना त्यात होत्या. गावानं आपल्या दवाखान्याचं प्रगतिपुस्तक भरायचं, चांगलं ते हिरवं, मधलं ते पिवळं, वाईट ते लाल. मग जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर बोलायचं आणि त्यांनी तिथंच उत्तर द्यायचं. तिथं बायकांनी उभं राहून बोललेलं आमच्यापर्यंत पोचलं होतं, म्हणून तर मी मामांना पानावरचा हात काढायला सांगू शकले. आता उपकेंद्रांवर आयुष्मान आरोग्य मंदिराची पाटी लागली आहे, सरपंच अध्यक्ष असलेली जन आरोग्य समिती आली आहे. पाट्या आणि समित्या बदलत राहतील. रजिस्टर मात्र कुणाच्या तरी घरी सहीसाठी जातच राहील, जोवर गाव विचारत नाही.

म्हणून माझी एवढीच विनंती. पुढच्या ग्रामसभेला जा, उभे राहा आणि विचारा, की आपल्या दवाखान्याच्या समितीची शेवटची बैठक कधी झाली, तिथं कोण होतं आणि पैसा कशाला लागला. उत्तर तोंडी घेऊ नका, प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्या.