वजन घटावे, दूध आटू नये: अंगावर पाजणाऱ्या आयांनी काय करावे, काय टाळावे

देहूत बाळंतीण माहेरी असो की सासरी, सव्वा महिना तिची बडदास्त असते. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, तूपभात, शेपूची भाजी आणि जोडीला पडून राहण्याची सक्ती. मग रजा संपत येते, तळवडे-चाकणच्या कंपनीत हजर व्हायचे असते, गणवेशाचा शर्ट दंडाला घट्ट होतो आणि एका सोमवारी 'आजपासून डाएट' जाहीर होते. वजन राहिलेले असते लाडवांनी आणि बैठकीने. कात्री मात्र लागते भाकरी-वरणाला. ती योग्य जागी कशी लावावी, एवढेच या यादीत आहे.

आधी आकडे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार बैठे काम करणाऱ्या स्त्रीला दिवसाला १६६० कॅलरी लागतात. अंगावर पाजणारीला पहिले सहा महिने त्यावर ६०० आणि पुढचे सहा महिने ५२०. म्हणजे सुरुवातीला साधारण २२६०. यातून रोज ३०० ते ४०० कमी केल्या तरी १८०० च्या वर राहतात. तेवढ्यावर वजन सावकाश उतरते आणि दूधही टिकते. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये २००० साली आलेल्या अभ्यासात जास्त वजनाच्या आयांनी आहार आणि व्यायाम यांच्या जोरावर आठवड्याला सुमारे अर्धा किलो घटवले. त्यांच्या बाळांची वाढ इतर बाळांइतकीच झाली.

काय करावे

१. सहा ते आठ आठवडे थांबावे. बाळ, वार आणि गर्भजल यांचे वजन प्रसूतीतच जाते, अंगात साठलेले पाणी पुढच्या काही दिवसांत. त्यानंतर दूध नीट बसेपर्यंत आणि टाके भरेपर्यंत काट्याकडे पाहू नये. सिझेरियन झाले असेल तर डॉक्टरांनी तपासून हो म्हटल्यावरच सुरुवात करावी.

२. लाडू मोजून खावा. तूप, गूळ, खोबरे घातलेला एक मोठा डिंकाचा लाडू म्हणजे सुमारे २०० कॅलरी. सकाळी एक, दुपारी एक आणि 'बाळ रात्रभर जागवते, घे गं' म्हणून आणखी एक, की पाजण्यासाठी लागणाऱ्या जादा ६०० कॅलरी लाडवांतच संपल्या. जेवण त्यावर वेगळेच. सव्वा महिन्यानंतर दिवसाला एक पुरे. सासूबाईंना वाईट वाटेल तर सरळ सांगावे, "आई, लाडू एकच द्या, पण उसळ वाटीभर जास्त वाढा." खुराक नाकारला असे होत नाही, त्याची जागा बदलते.

३. चहातली साखर आधी कमी करावी. पाच कप, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे साखरेच्याच सुमारे २०० कॅलरी. कप तीनवर आणावेत, साखर एका चमच्यावर. ही साखर आणि वरचा एखादा लाडू मिळून रोजच्या ३०० कॅलरी सुटल्या आणि उपाशी कुठेच राहावे लागले नाही.

४. ताटात प्रथिने वाढवावीत. पहिल्या सहा महिन्यांत दिवसाला साधारण ६३ ग्रॅम प्रथिने हवीत. एक पेला दूध सहा-सात ग्रॅम देते, मूठभर शेंगदाणे सात-आठ, वाटीभर मटकीची किंवा मुगाची उसळ तितकेच. माळकरी घरात अंडे-मासे नाहीत, म्हणून डाळ, उसळ, दही, पनीर, शेंगदाणे यांतले काहीतरी प्रत्येक जेवणात असावे. पोट भरलेले राहते आणि फरसाणाच्या डब्याकडे हात जात नाही.

५. पाजायला बसताना पाण्याचा तांब्या जवळ ठेवावा. तहान लागेल तेव्हा प्यावे, मोजमाप नको. भूक वाटते ती कधी कधी तहानच असते.

६. चालावे, पण टप्प्याने. साधी प्रसूती असेल तर पहिल्या काही दिवसांतच घरातल्या घरात फिरावे. लघवी रोखताना जे स्नायू आवळतो, ते आवळण्या-सोडण्याचा व्यायाम बसल्या जागी होतो. पुढे सकाळी मुख्य मंदिरापासून इंद्रायणीकाठाने गाथा मंदिरापर्यंत जाऊन यावे. आठवड्याला १५० मिनिटे भरभर चालण्याचे ध्येय ठेवावे. निघण्याआधी पाजून घ्यावे. छाती हलकी राहते आणि बाळही शांत. घाम आला म्हणून दूध बिघडत नाही.

७. आपल्या काट्याबरोबर बाळाचा काटा पाहावा. ६, १० आणि १४ आठवड्यांच्या लसीला वजन होतेच. ते माता-बाल संरक्षण कार्डावर लिहून घ्यावे. पुढे अंगणवाडीत दर महिन्याला. बाळाची रेषा वर जात असेल, दिवसाला सहा किंवा जास्त वेळा लघवी होत असेल, तर तुमचे डाएट त्याला बाधत नाही.

८. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या पूर्ण कराव्यात. सरकारी कार्यक्रमात प्रसूतीनंतर १८० दिवस त्या मिळतात. दोन्ही एकाच वेळी घेऊ नयेत. लोहाची गोळी चहाबरोबर तर नाहीच.

९. कामावर रुजू होताना दुधाची वेळ मागून घ्यावी. बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसाला दोन जादा विश्रांती कायद्याने मिळतात. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय आणि दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा हवी. पाळणाघर नसेल तर दूध काढून ठेवावे: साध्या तापमानात चार तास (उन्हाळ्यात त्याहून कमी), फ्रीजमध्ये चार दिवस. छाती रिकामी होत राहिली तरच दूध बनत राहते.

१०. बीज आणि पालखी प्रस्थानाच्या दिवसांत आधी जेवावे. घरात वारकऱ्यांच्या पंगती उठतात आणि घरची सून शेवटी उरलासुरला भात-आमटीचा वाटा खाते. पाजणारीने पहिल्या पंगतीला बसावे. वाढायला बाकीचे आहेत.

काय टाळावे

१. जेवण चुकवू नये. सोळा तास उपाशी, फक्त सूप, भात-भाकरी पूर्ण बंद असले प्रयोग पाजण्याच्या काळात नकोत. खाणे फार तोडले तर आईचे हाड आणि रक्त झिजते, थकव्याने पाजणे नकोसे होते आणि दूधही कमी पडू शकते.

२. निर्जळी एकादशी करू नये. उपवास धरायचाच असेल तर पाणी, ताक, दूध, फळे चालू ठेवावीत. साबुदाण्याची खिचडी पोट भरते, पण साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नाहीत. त्यापेक्षा भगर, शेंगदाण्याची आमटी आणि दही बरे. आणि उपवासाने वजन उतरते म्हणावे, तर 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण आपल्याच लोकांनी केलेली आहे.

३. दूध-दही तोडू नये. शाकाहारी आईला बी-१२ जीवनसत्त्व मुख्यतः दुधातूनच मिळते. तिच्यात ते कमी असेल तर बाळालाही कमी पडते. चरबी कमी हवी तर साय काढावी, दूध नव्हे.

४. वजन उतरवणाऱ्या गोळ्या, पावडरी, काढे आणि इंजेक्शने घेऊ नयेत. 'आयुर्वेदिक आहे, काही होत नाही' हे प्रमाणपत्र नव्हे. भूक मारणारी नवी इंजेक्शनेही पाजणाऱ्या आईला देऊ नयेत, असाच सल्ला आहे. शेजारणीने कमी केले म्हणून तिचा डबा मागू नये.

५. पाणी तोडू नये. 'पाणी प्यायले की पोट सुटते' म्हणून बाळंतिणीला घोट-घोट मोजून देण्याची पद्धत अजून काही घरांत आहे. पोट सुटते ते ताणलेल्या स्नायूंमुळे आणि चरबीमुळे.

६. पट्ट्यावर भरवसा ठेवू नये. पोट बांधल्याने कमरेला आधार मिळतो, चरबी वितळत नाही. श्वास कोंडेल इतका आवळला तर ओटीपोटाच्या खालच्या स्नायूंवर ताण येतो.

७. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नये. शेकून घाम गाळल्याने पाणी जाते, वजन नाही. आणि बंद खोलीत साठणारा कार्बन मोनॉक्साइड आई-बाळ दोघांच्या जिवावर बेततो.

८. पोटाचे जोरदार व्यायाम आणि डोंगर लवकर नकोत. सिट-अप्स, दोरीवरच्या उड्या, भंडारा डोंगराची चढण हे डॉक्टरांच्या तपासणीनंतर. उठताना पोटाच्या मधोमध उभा फुगवटा दिसत असेल तर आधी तो दाखवावा.

९. डाएट करता यावे म्हणून पाजणे सोडू नये. सहा महिने फक्त आईचे दूध, पुढे वरच्या खाण्याबरोबर दोन वर्षे किंवा जास्त, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. दूध बनवताना शरीर रोज शेकडो कॅलरी खर्च करते. ते बंद केले की हा खर्चही थांबतो.

१०. महिन्याला दोन किलोपेक्षा जास्त उतरवण्याची घाई नको. आठवड्यातून एकदाच, त्याच वेळी, त्याच काट्यावर वजन करावे. नऊ महिन्यांत चढलेले वजन उतरायला तेवढाच काळ लागला तर बिघडले काही नाही.

डॉक्टरांकडे कधी जावे

- बाळाचे वजन वाढत नसेल, लघवी कमी होत असेल किंवा ते सतत सुस्त पडून राहत असेल.
- जेवून-चालूनही वजन हलत नसेल, केस गळत असतील, थंडी जास्त वाजत असेल: थायरॉइड तपासावे.
- काही न करता वजन झपाट्याने उतरत असेल, छाती धडधडत असेल: हेही थायरॉइडचे लक्षण असू शकते.
- गरोदरपणात साखर वाढली होती: ६ ते १२ आठवड्यांत पुन्हा तपासणी करावी.
- खाणे नकोसे होणे, कारण नसताना रडू येणे, बाळाजवळ जावेसे न वाटणे: हे दोन आठवड्यांहून जास्त टिकले तर डाएट बाजूला ठेवावे आणि घरातल्या एकाला बरोबर घेऊन दवाखाना गाठावा.