साधे संकेतस्थळ: सॉफ्टवेअरची मदत आणि नव्या आवृत्त्या

छापलेल्या पुस्तकात चूक राहिली तर प्रकाशक पुढील प्रतींना शुद्धिपत्र जोडतो. परंतु ज्या प्रती आधीच वाचकांच्या घरी गेल्या त्यांचे काय, या प्रश्नाला त्याच्याजवळ उत्तर नसते. सॉफ्टवेअर तयार करणाऱ्यापुढे हाच प्रश्न अधिक तीव्र स्वरूपात उभा राहतो. त्याच्या कृतीत चुका राहणार हे जवळजवळ निश्चित असते, आणि ती कृती कोणाकोणाच्या संगणकावर चालू आहे हे त्याला ठाऊक नसते. शिवाय पुस्तकातील चूक वाचकाला फार तर गोंधळात टाकते. सॉफ्टवेअरमधील चुकीमुळे एखाद्याचा संगणकच परक्याच्या हाती जाऊ शकतो. म्हणून शुद्धिपत्र ठेवण्यासाठी सर्वांना माहीत असलेली एक कायमची जागा लागते. संकेतस्थळ ही अशी जागा होय.

जगातील पहिले संकेतस्थळ मूलतः याच कामासाठी होते, याची आठवण फारशी ठेवली जात नाही. जिनिव्हाजवळील ‘सर्न’ या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी ते १९९० च्या अखेरीस सुरू केले आणि ६ ऑगस्ट १९९१ रोजी त्याची माहिती जाहीरपणे कळविली. ही नवी योजना काय आहे, तिचे सॉफ्टवेअर कोठून घ्यावे, ते कसे चालवावे, अडचण आल्यास कोणाकडे जावे, एवढेच त्या पानांवर होते. चित्रे नव्हती, सजावट नव्हती. त्यापूर्वी सॉफ्टवेअर चुंबकीय फितींवरून टपालाने जाई किंवा दूरच्या संगणकावरील फाइलींच्या यादीतून उतरवून घ्यावे लागे. त्या यादीत फाइल मिळे. पण तिच्याविषयीचा खुलासा मिळाला तर मिळाला. फाइल आणि खुलासा एकाच पानावर शेजारी आले, हा त्या संकेतस्थळाचा खरा लाभ होता.

अशा साध्या संकेतस्थळाचा दीर्घकाळ टिकलेला नमुना पाहावयाचा तर ‘पुटी’ या सॉफ्टवेअरचे उदाहरण घ्यावे. विंडोज असलेल्या संगणकावरून दूरच्या संगणकाशी सुरक्षित संपर्क साधण्याचे हे साधन ब्रिटिश प्रोग्रामर सायमन टॅथम यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस तयार केले. ते विनामूल्य आहे. मूठभर स्वयंसेवक त्याची देखभाल करतात. पण जगभरचे संगणक-व्यवस्थापक ते वापरत आले आहेत. त्याच्या संकेतस्थळावर साध्या मजकुराची थोडी पाने आहेत: फाइली उतरविण्याचे पान, पुस्तिका, नेहमीचे प्रश्न, प्रत्येक आवृत्तीत झालेले बदल, ज्ञात दोषांची यादी आणि स्वाक्षरीच्या किल्ल्यांचे पान. दोन दशकांहून अधिक काळ या रचनेत मोठा फरक पडलेला नाही. आधुनिक दृष्टीला ती पाने रुक्ष वाटतील. तथापि कामासाठी आलेल्या माणसाला हवी ती गोष्ट तेथे चटकन सापडते.

या पानांना तांत्रिक भाषेत ‘स्थिर’ पाने म्हणतात. स्थिर पान म्हणजे लिहून ठेवलेली फाइल. कोणी मागितली की सर्व्हर ती जशीच्या तशी पाठवितो. याउलट अनेक संकेतस्थळांवर पान मागताक्षणी एखादा प्रोग्राम माहितीच्या कोठारातून मजकूर काढून ते जुळवून देतो. दुकान किंवा बँक यांना ही दुसरी पद्धत आवश्यक असते. मदत आणि नव्या आवृत्त्या देण्यासाठी तिची गरज बहुधा नसते, आणि नसताना ती स्वीकारणे म्हणजे घराला विनाकारण आणखी एक दार ठेवणे होय. कारण सर्व्हरवर चालणारा प्रत्येक प्रोग्राम हा आत शिरण्याचा एक संभाव्य मार्ग असतो. स्थिर पाने दुसऱ्या सर्व्हरवर हलविणेही सोपे असते, कारण फाइलींची एक प्रत उचलून ठेवली की काम झाले. साहित्य फारसे लागत नाही: वर्षाच्या भाड्याने मिळणारे नाव, फाइली ठेवण्याची जागा आणि वाटेतील वाहतूक सांकेतिक करणारे प्रमाणपत्र. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही संस्था २०१५ पासून हे प्रमाणपत्र विनामूल्य देत आहे.

पहिल्या पानावर काय असावे, याविषयी मतभेद होण्याचे कारण नाही. हे सॉफ्टवेअर काय करते ते दोन वाक्यांत, सध्याच्या आवृत्तीचा क्रमांक व तारीख, फाइल कोठे आहे आणि अडचण आली तर कोठे पाहावे. तारीख गाळण्याची चूक मात्र वारंवार होते. तारखेवाचून वाचकाला हे पान जिवंत आहे की टाकून दिलेले, हे ओळखता येत नाही.

आवृत्तीचा क्रमांक ही वरवर क्षुल्लक भासणारी बाब आहे. टेक या अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरचे कर्ते डोनाल्ड कनुथ यांनी त्याचा क्रमांक दर सुधारणेबरोबर ‘पाय’ या संख्येच्या एक अंक जवळ नेण्याची पद्धत ठेवली. २०२१ मध्ये तो ३.१४१५९२६५३ झाला. पुटीची २०२५ च्या फेब्रुवारीत आलेली आवृत्ती ०.८३ होती. इतकी वर्षे लोटूनही पूर्ण एक या अंकाचा आग्रह कोणी धरलेला नाही. अशी मौज परवडते, कारण क्रमांकाचा क्रम प्रत्येक वेळी निःसंदिग्ध राहतो. अडचण येते ती १.९ नंतर १.१० आली की. माणसाला कळते की नवाच्या पुढे दहा. परंतु निष्काळजीपणे लिहिलेला प्रोग्राम त्यांची अक्षरे म्हणून तुलना करतो, १ हे अक्षर ९ च्या आधी येते असे पाहतो आणि नवी आवृत्ती जुनी ठरवितो. मग त्या वापरणाऱ्याला सुधारणेची सूचना कधीच मिळत नाही, आणि मिळाली नाही हेही त्याला कळत नाही.

पत्त्यांच्या बाबतीत नियम कडक असावा. प्रत्येक आवृत्तीची फाइल तिच्या क्रमांकाच्या पत्त्यावर कायम राहावी आणि एकदा ठेवल्यावर तिच्यात अक्षराचाही बदल होऊ नये. चूक आढळल्यास नवा क्रमांक द्यावा. तसे न केल्यास एकाच क्रमांकाच्या दोन निरनिराळ्या फाइली फिरू लागतात आणि तक्रार आली असता ती कोणत्या फाइलीविषयी आहे हे सांगता येत नाही. याशिवाय ‘सर्वांत नवी’ असा एक न बदलणारा पत्ता असावा व तो दर वेळी ताज्या आवृत्तीकडे वळवावा. पुटीच्या संकेतस्थळावर हे दोन्ही प्रकार आहेत.

नवी आवृत्ती आल्याचे वापरणाऱ्याला कळणार कसे? पुटी स्वतःहून विचारपूस करीत नाही. वापरणाऱ्यानेच येऊन पाहावे लागते. बहुतेक सॉफ्टवेअर अधूनमधून संकेतस्थळावरील एक छोटी फाइल वाचते. तिच्यात ताजा क्रमांक, तारीख आणि फाइलीचा पत्ता एवढेच असते. क्रमांक आपल्यापेक्षा मोठा दिसला की ते सूचना देते. येथे मर्यादा पाळली पाहिजे. फाइल मागावी, पण मागताना वापरणाऱ्याचे नाव किंवा त्याच्या संगणकाची माहिती पाठवू नये. शुद्धिपत्र देण्याच्या निमित्ताने वाचकाच्या घराची झडती घेण्याचा अधिकार प्रकाशकाला मिळत नाही.

मदतीच्या पानांची सर्वांत मोठी उणीव म्हणजे ती ताज्या आवृत्तीसाठी लिहिलेली असतात आणि वाचणारा मागील आवृत्ती वापरीत असतो. त्याला सांगितलेले बटण त्याच्या पडद्यावर नसतेच. यास्तव पुस्तिका आवृत्तीनुसार ठेवणे आणि तिची प्रत सॉफ्टवेअरबरोबरही देणे श्रेयस्कर. ज्ञात दोषांची उघड यादी ठेवण्यास पुष्कळ जण संकोचतात. वस्तुतः ती यादीच वाचकाला ‘चूक आपली नाही’ असा दिलासा देते. मदत दुतर्फी असते हेही विसरता कामा नये. टॅथम यांनी १९९९ मध्ये दोष कसे कळवावेत यावर एक निबंध लिहिला व त्याची अनेक भाषांत भाषांतरे झाली. ‘चालत नाही’ एवढेच सांगणाऱ्याला मदत करता येत नाही. आपण काय केले, काय घडावे अशी अपेक्षा होती, प्रत्यक्षात काय घडले आणि पडद्यावर नेमके कोणते शब्द आले, हे सांगावे, असा त्याचा आशय आहे. डॉक्टरकडे जाणाऱ्या रोग्यालाही तो उपयोगी पडेल.

मदत आणि सुधारणा या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत, हे २०२४ च्या एप्रिलमध्ये दिसून आले. जर्मनीतील रूर विद्यापीठ, बोखुम येथील फाबियन बॉयमर व मार्कुस ब्रिंकमन या संशोधकांना पुटीत एक गंभीर दोष आढळला. विशिष्ट प्रकारच्या किल्लीने स्वाक्षरी करताना दर वेळी एक यादृच्छिक संख्या लागते. पुटी ५२१ अंशांची ही संख्या अशा रीतीने तयार करीत असे की तिचे पहिले नऊ अंश सदैव शून्य येत. एवढ्याशा पक्षपातामुळे सुमारे ६० स्वाक्षऱ्या हाती लागल्यास मूळ गुप्त किल्ली गणिताने काढता येत होती. ०.६८ पासून ०.८० पर्यंतच्या, म्हणजे सुमारे सात वर्षांच्या आवृत्त्यांत हा दोष होता. फाइलझिला व विनएससीपी यांसारख्या, पुटीचा आधार घेतलेल्या साधनांतही तो उतरला होता. ०.८१ या आवृत्तीत तो दूर झाला. परंतु नवी आवृत्ती घेऊन काम भागणार नव्हते. जुन्या किल्लीने पूर्वी केलेल्या स्वाक्षऱ्या जगात होत्याच. म्हणून ती किल्ली निकामी ठरवून प्रत्येक दूरच्या संगणकावरून काढून टाकणे आवश्यक होते. हे काम कोणतीही फाइल आपोआप करू शकत नाही. ते वापरणाऱ्याला समजावून सांगावे लागते, आणि पुटीच्या संकेतस्थळाने साध्या शब्दांत तसे सांगितले.

आता या विषयातील सर्वांत नाजूक भागाकडे वळले पाहिजे. ज्या जागेवरून लाखो लोक निःशंकपणे फाइल घेतात, ती जागा चोरालाही मोलाची असते. २० फेब्रुवारी २०१६ रोजी ‘लिनक्स मिंट’ या प्रसिद्ध प्रणालीच्या संकेतस्थळात कोणी शिरले व एका आवृत्तीचा दुवा बदलून भेसळ केलेल्या फाइलीकडे वळविला. पान तेच, रंग तेच. फक्त दुवा वेगळा. पुढील वर्षी याहून भयंकर प्रकार घडला. युक्रेनमध्ये कर भरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘एम.ई.डॉक’ या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची सुधारणा-यंत्रणा हल्लेखोरांनी ताब्यात घेतली आणि २७ जून २०१७ रोजी तिच्यामार्फत ‘नॉटपेट्या’ नावाचा विध्वंसक प्रोग्राम पसरला. युक्रेनच्या सीमा त्याने पाळल्या नाहीत. मर्स्क या डॅनिश जहाजकंपनीचे संगणक बंद पडले आणि त्या समूहाकडून चालविल्या जाणाऱ्या, मुंबईलगतच्या न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले. कीवमधील हिशेबनिसांसाठी ठेवलेल्या फाइलीने रायगड जिल्ह्यात कंटेनर अडकून पडले.

यावर उपाय म्हणून फाइलीशेजारी तिचा ‘ठसा’ छापण्याची प्रथा आहे. ठसा म्हणजे फाइलीतील सर्व मजकुरावरून ठरावीक रीतीने काढलेली संख्या. एक अक्षर बदलले तरी ती पूर्ण बदलते. वाटेत फाइल बिघडली का, हे यावरून कळते. पण चोराने पानच ताब्यात घेतले असेल तर तो ठसाही बदलील. म्हणून अंकीय स्वाक्षरी लागते. तिच्यात किल्ल्यांची जोडी असते: गुप्त किल्लीने स्वाक्षरी होते, जाहीर किल्लीने ती पडताळता येते. गुप्त किल्ली संकेतस्थळाच्या सर्व्हरवर कधीही ठेवू नये, हा यातील मुख्य मुद्दा. ती निर्मात्याच्या वेगळ्या संगणकावर असली तर सर्व्हर फुटला तरी खोटी स्वाक्षरी करता येत नाही. जाहीर किल्ली पोहोचवायची कशी, याचे सुबक उत्तर ‘ओपनबीएसडी’ प्रणालीने २०१४ मध्ये काढले: प्रत्येक आवृत्तीतच पुढील आवृत्तीची जाहीर किल्ली दिलेली असते. पहिली आवृत्ती खरी असली की साखळी पुढे चालते. स्वाक्षरीचा आणखी एक फायदा असा की फाइली कोठूनही वाटता येतात. ‘डेबियन’चे भांडार जगभरच्या विद्यापीठांच्या सर्व्हरांवर प्रतिरूपात आहे, प्रत देणाऱ्यावर विश्वास ठेवावा लागत नाही, कारण पडताळणी घेणाऱ्याच्या संगणकावर होते.

स्वाक्षरी फाइल कोणाची हे सांगते, चांगली की वाईट हे सांगत नाही. १९ जुलै २०२४ रोजी ‘क्राउडस्ट्राइक’ या सुरक्षा-कंपनीच्या सदोष सुधारणेने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार विंडोजचे ८५ लाख संगणक बंद पडले. तेथे चोर कोणीच नव्हता. खऱ्या मालकाने खरी फाइल सर्वांना एकदम पाठविली होती. प्रथम थोड्यांना द्यावी, एक-दोन दिवस वाट पाहावी, मागील आवृत्तीचा पत्ता चालू ठेवावा, ही खबरदारी लहान निर्मात्यालाही विनाखर्च घेता येते.

शेवटी नावाचा प्रश्न उरतो. पुटीचे नाव असलेला एक ठळक पत्ता तिच्या निर्मात्यांच्या मालकीचा कधीच नव्हता, आणि अनेक जण तोच अधिकृत समजत. अखेर २०२५ मध्ये निर्मात्यांनी ‘पुटी डॉट सॉफ्टवेअर’ हे नाव स्वतःकडे घेतले. नावाचे भाडे थकले तर ते दुसरा कोणीही घेऊ शकतो, आणि जुन्या संगणकांवरील सॉफ्टवेअर त्याच पत्त्यावर ती छोटी फाइल मागत राहते. म्हणून देखभाल थांबविणाऱ्याने देखील काही वर्षे भाडे भरावे आणि त्या जागी एक पान ठेवावे: अंतिम आवृत्ती कोणती, काम कोणत्या तारखेस थांबले, आणि वापरणाऱ्याने आता कोणते साधन घ्यावे.