मधुमेह्याने डॉक्टरांपुढे बोलावे



यरीहोच्या वाटेवर आंधळ्या बार्तीमयाला लोकांनी दटावले, तेव्हा तो अधिकच मोठ्याने ओरडला. येशूने त्याला बोलावून आधी त्याचेच म्हणणे विचारले. आपले दुखणे आपण सांगावे, हा धडा आम्ही त्यातून घेतो.

मधुमेह जन्मभर सांभाळावा लागतो. दवाखान्यात मात्र आपण ‘बरं आहे’ म्हणून उठतो. म्हणून एवढे पाळू या :

१. जाण्यापूर्वी प्रश्न कागदावर लिहावेत. तीन महिन्यांची सरासरी साखर किती, हे जरूर विचारावे. झाडपाल्याचे औषध घेत असल्यास तेही सांगावे.

२. गोळ्या परवडत नसतील तर लाजू नये. तेच औषध जनऔषधी केंद्रात बहुधा स्वस्त मिळते. आपल्या मनाने गोळी अर्धी करू नये.

३. पायांची आग, बधिरपणा लपवू नये. बधिर पायाला काटा कळत नाही आणि जखम चिघळते. शेतात अनवाणी जाऊ नये. रोज रात्री तळपाय पाहावेत.

४. कामात घाम, थरथर, चक्कर आल्यास लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी; १५ मिनिटांत उतार न पडल्यास पुन्हा घ्यावी. शुद्ध हरपल्यास तोंडात काही न घालता दवाखान्यात न्यावे. सोबतच्यांना हे आधीच सांगून ठेवावे.

५. उपवासकाळात आजाऱ्यांवर उपवासाचे बंधन नाही. गोळी वा इन्सुलिन घेऊन उपाशी राहू नये.

एकट्याने जायला धीर होत नसेल, त्यांनी रविवारी मिस्सानंतर आम्हास भेटावे. सोबत शोधू.