गाडी जवळून घ्यावी की लांबून?

वाचकहो, आपला चिंचपाडा सुरत–भुसावळ रेल्वेवर आहे. एका अंगाला नवापूर, दुसऱ्या अंगाला खांडबारा आणि नंदुरबार. नवापूरच्या पुढे गेले की गुजरात राज्य लागते. नवापूर स्टेशनाच्या तर मधूनच दोन राज्यांची हद्द जाते. तिथे चार भाषांत गाडीची सूचना ऐकू येते. सकाळी निघालेला माणूस दुपारच्या आत सुरतेच्या बाजारात उभा राहू शकतो. एस.टी.ने साक्रीवरून धुळ्यालाही जाता येते.

म्हणून आपल्याकडे कुणी मोटार किंवा जीप घ्यायला निघाला की चार माणसे चार वाटा सांगतात. एक म्हणतो, नंदुरबारलाच घे. दुसरा म्हणतो, धुळ्याला जा. तिसरा म्हणतो, "अरे, सुरतेला फार स्वस्त मिळते!" ऐकणाऱ्याचे डोके गरगरते. घरात वर्षाकाठी जमवलेला पैसा असतो. तो एकदा गेला की परत येत नाही. तेव्हा कुठे जावे हे ठरवायचे कसे, ते आज आपण शिकू.

आधी जुन्या माणसांची रीत पाहू

लांब जाऊन खरेदी करणे ही काही वाईट गोष्ट नाही. आपले वाडवडील दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेला जात. तापीकाठी तिथे घोड्यांचा मोठा बाजार भरतो. आजही भरतो. लोक लांबून का जातात? कारण एका जागी पुष्कळ जनावरे पाहायला मिळतात. दहा घोडे पाहिले की एकाचे मोल कळते. पण जाणता माणूस नुसती किंमत ऐकून घोडा घेत नाही. तो घोड्याचे तोंड उघडतो, दात पाहतो, वय ठरवतो, चालवून बघतो. मग पावती घेतो.

मोटारीचेही तसेच आहे. मोठ्या शहरात गाड्या पुष्कळ, म्हणून निवड चांगली होते. किंमतही कधी कधी कमी असते. पण मोटारीचे दात तोंडात नसतात. ते कागदात असतात. आणि आता तुम्ही कागद वाचू शकता. ही तुमची मोठी शक्ती आहे, बरं का!

दोन भावांचे बोलणे

समजा, आपल्या पाड्यावर दोन भाऊ आहेत. त्यांना भाजीपाला बाजारी न्यायला आणि घरच्या माणसांना फिरायला एक जुनी पेट्रोल गाडी घ्यायची आहे. धाकट्याने तीन ठिकाणी फोन केले. एकाच जातीची, एकाच वर्षाची गाडी. नंदुरबारला २,६०,००० रुपये सांगितले, धुळ्याला २,४५,०००, सुरतेला २,३५,०००.

धाकटा म्हणाला, "दादा, यात विचार कसला? सुरतेला पंचवीस हजार वाचतात. उद्याच निघू."

थोरला म्हणाला, "थांब. ही तर नुसती गाडीची किंमत झाली. गाडी आपल्या नावावर होऊन आपल्या दारात उभी राहीपर्यंत किती लागतील, ते लिही. पाटी घे."

दोघांनी लिहिले. खालचे आकडे शिकण्यापुरते धरलेले आहेत. खरे आकडे ज्याचे त्याने विचारून मांडावेत.

नंदुरबार : जाणे-येणे ६००. दोघांची दोन दिवसांची मजुरी बुडाली, रोज ४०० प्रमाणे १,६००. मिस्त्रीला ५००. पेट्रोल ३००. नावबदलाचा खर्च २,०००. वरखर्च ५,०००. एकूण २,६५,०००.

धुळे : जाणे-येणे १,६००. तीन दिवसांची मजुरी २,४००. मिस्त्रीला १,५००. पेट्रोल १,०००. नावबदल २,५००. वरखर्च ९,०००. एकूण २,५४,०००.

सुरत : जाणे-येणे २,४००. सहा दिवसांची मजुरी ४,८००, कारण कागदांसाठी पुन्हा जावे लागते. मिस्त्रीला १,५००. पेट्रोल १,३००. ना-हरकत दाखला, नवी नोंदणी व नवी नंबरपाटी ६,०००. महाराष्ट्राचा कर २४,०००. वरखर्च ४०,०००. एकूण २,७५,०००.

धाकटा पाटीकडे बघतच राहिला. जी गाडी पंचवीस हजारांनी स्वस्त वाटत होती, ती दहा हजारांनी महाग पडली! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो असा. पण धुळ्याची गाडी नंदुरबारपेक्षा अकरा हजारांनी स्वस्त पडली. म्हणजे लांब जाणे नेहमी तोट्याचे नाही. हिशेब मांडल्यावाचून मात्र ते कळत नाही.

राज्याची हद्द म्हणजे काय?

सुरतेच्या हिशेबात मोठा आकडा कशाचा होता? कराचा. हे नीट समजून घेऊ.

महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन राज्ये १ मे १९६० रोजी वेगळी झाली. गाडीवरचा रस्त्याचा कर ज्या त्या राज्याचा असतो. गुजरातेत घरगुती मोटारीला किमतीच्या ६ टक्के कर लागतो. आपल्याकडे दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल मोटारीला ११ टक्के आणि डिझेल मोटारीला १३ टक्के लागतो. हे दर सरकार बदलू शकते, म्हणून घेण्याच्या वेळी कचेरीत विचारावे. तिकडची गाडी कायमची इकडे आणली की इकडचा कर भरावा लागतो. जुन्या गाडीचा कर तिचे वय आणि मूळ किंमत पाहून काढतात. तिकडे भरलेल्या कराचा काही भाग अर्ज करून परत मागता येतो. पण तो पैसा लागलीच हातात पडत नाही. म्हणून तो आधीच जमेस धरू नये.

मोटार वाहन कायदा १९८८ सालचा आहे. त्याप्रमाणे दुसऱ्या राज्याची गाडी आपल्या राज्यात १२ महिन्यांहून जास्त ठेवायची असेल तर तिची इथे नव्याने नोंदणी करावी लागते. त्यासाठी तिकडच्या परिवहन कचेरीचा ना-हरकत दाखला लागतो. हा फॉर्म नंबर २८. दाखला मिळाला की नंदुरबारच्या कचेरीत कर भरून 'एम.एच. ३९' हा आपला नंबर मिळतो.

धुळ्याची गाडी 'एम.एच. १८' असते. ती आपल्याच राज्याची. तिचा एकरकमी कर राज्यात भरलेला असतो. म्हणून मुख्य काम नावबदलाचे. धुळ्याचा हिशेब हलका झाला तो यामुळे.

काही लोक सांगतात, "गुजरातच्या पाहुण्याच्या पत्त्यावर गाडी ठेव, कर वाचेल." असे करू नये. गाडी जिथे राहते तिथे तिची नोंदणी करावी असा कायदा आहे. शिवाय गाडी पाहुण्याच्या नावावर राहिली आणि उद्या काही झाले, तर दोन्ही घरे अडचणीत येतात.

नवी गाडी घेताना

१ जुलै २०१७ पासून देशभर जी.एस.टी. हा कर एकच आहे. त्यामुळे त्या कराने सुरतेची नवी गाडी स्वस्त आणि नंदुरबारची महाग असे होत नाही. रस्त्याचा कर तर आपल्या पत्त्याप्रमाणे आपल्याच राज्यात भरायचा. मग फरक कशात उरतो? दुकानदाराने दिलेल्या सवलतीत, विम्याच्या रकमेत आणि वरच्या सामानात. विमा त्याच दुकानातून घ्यावा अशी सक्ती नसते. म्हणून प्रत्येक दुकानदाराकडून सगळा खर्च कागदावर लिहून घ्यावा. लांबच्या दुकानाचा कागद जवळच्या दुकानदाराला दाखवावा. पुष्कळदा तो तिथेच किंमत कमी करतो. मग प्रवासही वाचतो.

कोणते कागद वाचावेत?

जुनी गाडी घेताना आर.सी. बुक हातात घ्या. त्यावर मालकाचे नाव, नोंदणीची तारीख, इंजिन नंबर व चासी नंबर असतो. ते नंबर गाडीवरच्या नंबरांशी अक्षर न् अक्षर जुळवा. एक अक्षर जरी चुकले तरी थांबा.

घरगुती मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी करून आणि फी भरून ती ५-५ वर्षांनी वाढवावी लागते. फार स्वस्त गाडी दिसली की आधी ही तारीख बघा.

बुकावर बँकेचे किंवा कर्ज देणाऱ्या कंपनीचे नाव असेल तर कर्जाची नोंद उतरलेली नाही असे समजावे. कर्ज फिटल्याचा कागद आणि फॉर्म नंबर ३५ मागावा. नावबदलासाठी २९ आणि ३० नंबरचे फॉर्म लागतात. घेणाऱ्याने ३० दिवसांत आपल्या कचेरीला कळवायचे असते. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा. सरकारच्या एमपरिवहन या फोनवरच्या सोयीत गाडीचा नंबर घातला की नोंदणी, विमा वगैरे माहिती दिसते. घरात शाळेला जाणारी पोर असेल तर ती दाखवून देईल.

कोऱ्या फॉर्मवर सही करू नका, अंगठा देऊ नका. विकणाऱ्यानेही सावध राहावे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की नोंदवहीत ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक. गाडी विकली, पैसे घेतले, पण नाव बदलले नाही, आणि पुढे अपघात झाला तर भरपाई जुन्या मालकाकडे मागितली जाते. एवढ्यात शेत विकायची पाळी येते.

रिकाम्या हाताने परत येता आले पाहिजे

आता सर्वांत अवघड गोष्ट. समजा, दोघे भाऊ धुळ्याला गेले. मिस्त्रीने गाडी चालवून पाहिली. तो म्हणाला, "क्लच गेला आहे आणि चारही टायर घासलेत. वीस हजार लागतील." आता काय करावे?

माणसाच्या मनात येते, 'एवढे भाडे घालून आलो, मजुरी बुडाली, आता घेऊनच जाऊ.' लांबून आलेला माणूस सहसा रिकामा जात नाही, हे विकणाराही ओळखून असतो. म्हणून तो किंमत सोडत नाही.

पण भाड्याचे पैसे गेले ते गेले. गाडी घेतली म्हणून ते परत येत नाहीत. हिशेब आता नव्याने मांडायचा. धुळ्याची गाडी २,५४,००० ला पडत होती. तिच्यावर वीस हजार चढले की २,७४,००० झाले. मग नंदुरबारची गाडी बरी. दोन हजार गेले म्हणून आणखी वीस हजार घालवणे शहाणपणाचे नाही. थोरल्याने म्हणावे, "चल, एस.टी. धरू." आणि निघावे. त्यात कमीपणा नाही.

याच कारणाने घरून निघताना सगळी रोकड बरोबर नेऊ नये. पहिल्या खेपेला फक्त गाडी बघावी. पैसे बँकेतून द्यावेत आणि पावती घ्यावी. फोनवर फोटो दाखवून कुणी विसार मागितला तर एक रुपयाही पाठवू नये. न पाहिलेल्या बैलाला कुणी वेसण घालत नाही.

हे ध्यानात ठेवा

१. नुसती किंमत विचारू नका. दारात येईपर्यंतचा खर्च मांडा.
२. आपली मजुरी हाही खर्चच आहे. ती लिहायला विसरू नका.
३. गाडी कोणत्या राज्याची आहे ते आधी बघा.
४. लांबचा भाव कळला की जवळच्याशी घासाघीस करा.
५. ओळखीचा मिस्त्री बरोबर न्या. विकणाऱ्याचा मिस्त्री चालणार नाही.
६. मनासारखे नसेल तर परत या.

कठीण शब्द

हद्द – सीमा, शीव.
विसार – सौदा पक्का करण्यासाठी आधी दिलेली रक्कम.
ना-हरकत दाखला – 'आमची हरकत नाही' असा कचेरीचा कागद.
मूळ किंमत – गाडी नवी असतानाची किंमत.

प्रश्न

१. सुरतेची गाडी शेवटी महाग का पडली?
२. धुळ्याच्या गाडीला महाराष्ट्राचा कर पुन्हा का लागला नाही?
३. फॉर्म नंबर २८ कशासाठी असतो?
४. गाडीऐवजी बैलजोडी, पिठाची गिरणी किंवा पाण्याचा पंप घ्यायचा आहे असे समजा. जवळचा एक आणि लांबचा एक असे दोन बाजार धरा. पाटीवर दोन्हींचा पूर्ण हिशेब मांडा आणि घरच्या सर्वांना वाचून दाखवा.