चेंडूविना सराव

गोल्फ खेळणारा चेंडू मारण्याआधी काठी नुसतीच फिरवून पाहतो. हा वेडेपणा नव्हे. चेंडू समोर असला की मन त्याच्यामागे धावते व अंग घाई करते. तो नसला की पाय, कंबर, खांदा यांचा क्रम उमगतो. मात्र सावकाश फिरवावे, नाहीतर चूकच अंगवळणी पडते.

बॅटचेही असेच. पुण्याच्या इंग्रजी क्लबात पी. बाळू तासन् तास गोलंदाजी करीत. बॅट मात्र त्यांच्या हाती कोणी देत नसे. त्याच बाळूंनी 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. (1937 च्या निवडणुकीत ते बाबासाहेबांविरुद्ध उभे राहून हरले, तो विषय निराळा.) आपल्या दहिवलीतल्या मुलांनी बॅटची वाट पाहू नये. धोपटणे घेऊन, आजूबाजूला कोणी नाही हे पाहून, अंगणात रोज पन्नास वेळा फिरवावे. मुलींनीसुद्धा.