पाणी गोड लागते, म्हणून चांगलेच का?



हिमायतनगरच्या वस्त्यांत आम्ही पाण्याचा विषय काढला की माताभगिनी म्हणतात, "ताई, आमच्या बोअरचं पाणी लई गोड हाय, त्याला काय तपासायचं?" म्हणून आधी चव म्हणजे काय, ते समजून घेऊ.

जीभ फक्त निरोप पाठवते, चव ओळखतो मेंदू. चीनमधील झेजियांग विद्यापीठातील संशोधकांनी उंदरांच्या मेंदूत, चव ओळखणाऱ्या भागात, बारीक तारा बसवल्या. जिभेवर कडू पदार्थ पडताच तिथले विजेचे संकेत बदलत. त्यांवरून यंत्राला कडूपणा ओळखता येई. हे संशोधन २०१६ साली प्रसिद्ध झाले. त्याआधी २०१५ मध्ये अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी उंदराच्या मेंदूतला 'कडू'चा भाग प्रकाशाने जागवला. तहानलेला उंदीरही साधे पाणी पिईना. 'गोड'चा भाग जागवला, तर तेच पाणी तो जास्त पिऊ लागला. मुक्या जिवांवरचे असे प्रयोग पहिल्या शीलात बसतात का, हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे.

पण त्यातून कळलेली गोष्ट आपल्या कामाची आहे. निसर्गातली बरीच विषे कडू असतात, म्हणून कडू लागले की मेंदू सावध करतो. मात्र ज्याची चवच लागत नाही, त्याचा निरोप मेंदूला जातच नाही. पाण्यातले जुलाब-काविळीचे जंतू आणि फ्लोराइड असेच गुपचूप पोटात जातात.

आपला नांदेड जिल्हा फ्लोराइडग्रस्त जिल्ह्यांत मोडतो. एक लिटर पाण्यात फ्लोराइड १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरी सोयच नसेल, तर १.५ ही शेवटची मर्यादा. त्याहून जास्त पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले, तर मुलांच्या दातांवर पांढरे-पिवळे, तपकिरी पट्टे येतात. पुढे सांधे आणि पाठ आखडते. पाणी उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड जात नाही.

म्हणून एवढे करा:
• मुलांचे दात उजेडात पाहा. पट्टे दिसले तर दवाखान्यात दाखवा.
• बोअर-हापशाचे पाणी तपासा, असा लेखी अर्ज नगरपंचायतीला किंवा ग्रामपंचायतीला द्या. पोच घ्या, अहवाल मागा.
• फ्लोराइड जास्त निघाले, तर ते पाणी धुण्याभांड्याला वापरा. पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी दुसऱ्या पाण्याची मागणी सर्वांनी मिळून करा.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले, ते माणूस म्हणून आपला हक्क सांगण्यासाठी. निर्धोक पाणी हा त्याच हक्काचा भाग आहे. तथागतांनीही ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या, असेच शिकवले. मग पाणीही जिभेच्या भरवशावर सोडू नका, तपासून घ्या.